ई. पी. थॉम्पसन : हरलेल्यांची बाजू लिहिणारा इतिहासकार

औद्योगिक क्रांतीवरचा प्रश्न इतिहासाच्या पेपरात हमखास येतो. आपण सगळे त्याचं उत्तरही ठरल्यासारखं लिहितो. जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन, आर्कराइटची सूतकताईची यंत्रं, कोळसा, लोखंड, मग रेल्वे. शेवटी परिणाम म्हणून चार ओळी : शहरं वाढली, कामगारांचे हाल झाले, कामगार संघटना निघाल्या. मार्क मिळतात. पण त्या चार ओळींतली माणसं कोण होती, ती काय बोलत होती, कशासाठी तुरुंगात जात होती, हे विचारायची गरज आपल्याला वाटत नाही. एका माणसाला ती वाटली आणि त्याने त्या चार ओळींवर आठशेहून जास्त पानांचं पुस्तक लिहिलं. मी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला ते लायब्ररीतून आणलं, तेव्हा जाडी बघूनच परत करावं असं वाटलं होतं. मंडळाच्या या अंकासाठी एखाद्या दिवंगत व्यक्तीवर लिहायचं ठरलं, तेव्हा मात्र दुसरं नाव मनात आलं नाही. हा माणूस म्हणजे एडवर्ड पामर थॉम्पसन.

त्यांचा जन्म 3 फेब्रुवारी 1924 रोजी ऑक्सफर्डला झाला. पण या घराची गोष्ट सुरू होते ती आपल्या देशात. वडील एडवर्ड जॉन थॉम्पसन हे मेथडिस्ट मिशनरी. 1910 मध्ये ते बंगालमधल्या बांकुरा इथल्या वेस्लियन कॉलेजात शिकवायला आले आणि मधला महायुद्धाचा काळ सोडला तर 1923 पर्यंत तिथेच राहिले. बंगाली शिकले, रवींद्रनाथांशी मैत्री झाली, त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तकं लिहिली. आई थिओडोशिया ही अमेरिकन मिशनरी घराण्यातली. मोठा मुलगा फ्रँक 1920 मध्ये दार्जिलिंगला जन्मला. इंग्लंडला परतल्यावर वडील ऑक्सफर्डमध्ये बंगाली शिकवू लागले. 1925 मध्ये त्यांनी 1857 च्या उठावावर एक छोटं पुस्तक काढलं. त्यात इंग्रजांनी त्या वेळी केलेल्या क्रौर्याबद्दल इंग्रजांनाच सुनावलं होतं. त्या काळी इंग्रज माणसाने असं लिहिणं सोपं नव्हतं. पुढे या घरी नेहरूंसारखी माणसं पाहुणी म्हणून येत. तेव्हा सरकार म्हणजे काही देव नव्हे, हे धाकट्या एडवर्डला शाळेत जायच्या आधीच कळलं असणार असं मला वाटतं.

शाळा झाली बाथजवळच्या किंग्जवुडला. ही शाळा मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी काढलेली. पुढे केंब्रिजला प्रवेश मिळाला, पण दुसरं महायुद्ध सुरू होतं. 1942 च्या सुमाराला ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि मग सैन्यात. इटलीच्या आघाडीवर, कॅसिनोच्या लढाईत, त्यांच्याकडे रणगाड्यांची एक तुकडी होती. तेव्हा वय होतं अवघं वीस.

याच काळात घरावर मोठा घाव पडला. फ्रँक हा भावांतला हुशार, अनेक भाषा जाणणारा, कविता करणारा. ब्रिटिश सैन्याने त्याला फॅसिस्टविरोधी बंडखोरांच्या मदतीला बल्गेरियात पाठवलं. तिथे तो पकडला गेला आणि जून 1944 मध्ये बल्गेरियन साथीदारांसोबत त्याला गोळ्या घालून मारलं. वय तेवीस. 1947 मध्ये आई आणि धाकट्या भावाने मिळून त्याची पत्रं, कविता यांचं पुस्तक काढलं. थॉम्पसन यांच्या नावावरचं हे पहिलं पुस्तक. मेलेल्या माणसाचे कागद गोळा करायचे, ते नीट लावायचे आणि त्याचं म्हणणं जगापुढे मांडायचं. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच काम अनोळखी माणसांसाठी केलं.

1947 मध्येच ते युगोस्लाव्हियात रेल्वेमार्ग बांधायला गेले. देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक फावडी घेऊन तिथे जमले होते. सोबत डोरोथी टॉवर्स होत्या, त्याही इतिहासाच्याच. 1948 मध्ये दोघांनी लग्न केलं. डोरोथी थॉम्पसन पुढे चार्टिस्ट चळवळीच्या नामवंत इतिहासकार झाल्या. दोघांचं काम एकमेकांच्या कामात मिसळलेलं होतं. एकाचं नाव घेताना दुसरं घ्यावंच लागतं.

आता शिकवण्याबद्दल. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना हा भाग जास्त जवळचा वाटेल. थॉम्पसन यांनी पीएच. डी. केली नव्हती. 1948 मध्ये त्यांना लीड्स विद्यापीठात नोकरी मिळाली ती कॅम्पसवरच्या वर्गात नाही, तर बहिःशाल विभागात. म्हणजे काय, तर हॅलिफॅक्सला घर करायचं आणि यॉर्कशायरच्या लहान लहान गावांत जाऊन संध्याकाळचे वर्ग घ्यायचे. हे वर्ग कामगार शिक्षण संघटनेच्या मदतीने चालत. समोर बसलेले लोक दिवसभर राबून आलेले. कोणी लोकरीच्या गिरणीतला, कोणी खाणीतला, कोणी गृहिणी, कोणी शाळामास्तर. परीक्षा नाही, डिग्री नाही. आवडलं नाही तर पुढच्या आठवड्यात खुर्ची रिकामी, इतका साधा हिशेब. त्यांनी तिथे साहित्यही शिकवलं आणि इतिहासही. असं त्यांनी तब्बल सतरा वर्षं केलं.

या वर्गांत शिकणं एकतर्फी नव्हतं. शिक्षक पुस्तकातलं सांगायचा आणि समोरचा विणकर किंवा खाणकामगार आजोबांकडून ऐकलेलं सांगायचा. कोणत्या गावात कोणत्या रात्री यंत्रं फोडली गेली, कोणत्या माळावर सभा भरली, याच्या आठवणी त्या भागात अजून शिल्लक होत्या. आपण जे शिकवतो ते समोरच्याच्या अनुभवावर घासून बघायचं, ही सवय त्यांना या वर्गांनी लावली. पुढे मोठ्या पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी या विद्यार्थ्यांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं आहे.

1955 मध्ये त्यांचं विल्यम मॉरिसवरचं पुस्तक आलं. मॉरिस कवी, कारागीर आणि समाजवादी. पुढच्याच वर्षी मात्र आयुष्याला वळण लागलं. 1956 मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी स्टालिनच्या अत्याचारांबद्दल केलेलं गुप्त भाषण बाहेर फुटलं. थॉम्पसन आणि त्यांचे मित्र, इतिहासकार जॉन सॅव्हिल, यांचं म्हणणं होतं की पक्षात यावर उघड चर्चा झाली पाहिजे. पक्ष ऐकेना. तेव्हा दोघांनी स्वतःच सायक्लोस्टाइल करून एक पत्रक-मासिक काढलं. पक्षाने ते बंद करायला सांगितलं. तिसरा अंक निघाला तोवर सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते. दोघांनी पक्ष सोडला. ज्या पक्षाच्या विचारासाठी भावाने जीव दिला तो पक्ष सोडताना काय वाटलं असेल, याची आपण फक्त कल्पना करू शकतो. पण त्यांनी कामगारांची बाजू सोडली नाही, समाजवादही सोडला नाही. पक्ष म्हणेल तेच सत्य, एवढंच सोडलं.

मग 1963 मध्ये ते पुस्तक आलं : 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास'. मजा अशी की प्रकाशकाला हवं होतं कामगार चळवळीचं एक साधं पाठ्यपुस्तक, थेट 1945 पर्यंत येणारं. थॉम्पसन पहिल्या प्रकरणातच असे रमले की 1832 च्या पुढे गेलेच नाहीत.

पुस्तक सुरू होतं 1792 च्या लंडनमध्ये. थॉमस हार्डी नावाचा एक चांभार (कादंबरीकार हार्डी तो वेगळा) आणि त्याचे आठ मित्र एका गुत्त्यात जमतात. प्रश्न असा की ज्यांच्याकडे जमीनजुमला नाही अशा कष्टकऱ्यांना पार्लमेंटबद्दल बोलायचा हक्क आहे का? आठवड्याला एक पेनी वर्गणी आणि सभासद कितीही, असा नियम होतो. आज हे किरकोळ वाटतं. तेव्हा सरकारला ते इतकं धोकादायक वाटलं की 1794 मध्ये हार्डीवर राजद्रोहाचा खटला भरला. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं, पण तो तुरुंगात असतानाच त्याची बायको बाळंतपणात गेली होती.

पुढे येतात लुडाइट. यंत्र फोडणारे अडाणी लोक म्हणून आपण त्यांना ओळखतो. इंग्रजीत लुडाइट हा शब्द आजही शिवीसारखा वापरतात. थॉम्पसन यांनी पोलिसांचे अहवाल, हेरांची पत्रं, गावोगावची वर्तमानपत्रं, गाणी, धमकीची पत्रं चाळली आणि दाखवलं की हे लोक दिसेल ते यंत्र फोडत नव्हते. कोणत्या मालकाने ठरलेला दर मोडला, कोणी शिकाऊ पोरांकडून स्वस्तात हलका माल काढून घेतला, हे बघून ते हातोडा उचलत. आधी त्यांनी अर्ज केले होते, पार्लमेंटकडे दाद मागितली होती. दाद मिळाली नाही म्हणून रात्रीची वेळ आली. 1812 मध्ये सरकारने यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. त्या कायद्याविरुद्ध कवी बायरनने लॉर्ड्सच्या सभागृहात भाषण केलं. 1813 च्या जानेवारीत यॉर्कला सतरा जणांना फासावर चढवलं.

हातमागवाल्यांचं प्रकरण वाचताना तर थांबावंच लागतं. एकेकाळी चांगलं कमावणारे, पुस्तकं वाचणारे, दारात फुलझाडं लावणारे हे विणकर काही दशकांत उपासमारीला आले. मग 1819 चं पीटरलू : मँचेस्टरच्या मैदानात मताधिकारासाठी जमलेल्या हजारो बायाबापड्यांवर घोडेस्वार घातले गेले, पंधराच्या आसपास लोक मेले, शेकडो जखमी झाले.

या सगळ्यातून थॉम्पसन काय सांगतात? कामगारवर्ग हा कारखान्यातून कापडाबरोबर बाहेर पडलेला माल नव्हे. तो घडत होता आणि स्वतःला घडवतही होता. यंत्र आलं म्हणून आपोआप वर्ग तयार होत नाही. माणसं एकत्र सोसतात, आपल्या जुन्या समजुती, प्रार्थना, रूढी घेऊन त्या सोसण्याचा अर्थ लावतात, आपलं कोण आणि समोरचं कोण हे ओळखतात, तेव्हा वर्ग उभा राहतो. आणि दुसरं असं की जे हरले ते चुकीचेच होते, असं धरून चालू नये. त्यांचा उपाय कदाचित चालण्यासारखा नव्हता, पण ते त्या काळात जगले, आपण नाही. त्यांचा अनुभव खराच होता.

मेथडिझमवरचं प्रकरण मात्र फार कडक आहे. मेथडिस्ट घरात वाढलेल्या, वेस्लीच्या शाळेत शिकलेल्या मुलाने असं लिहावं याचं नवल वाटतं. त्यांच्या मते या पंथाने कामगारांना मान खाली घालून राबण्याची शिस्त लावली. मात्र त्याच चॅपलमध्ये साध्या माणसांना उभं राहून बोलायला, वर्गणीचा हिशेब ठेवायला, सभा चालवायला शिकायला मिळालं आणि तेच पुढे कामगार संघटनांत कामी आलं, हीसुद्धा बाजू ते मांडतात. धर्माच्या अनेक अभ्यासकांना हे प्रकरण एकांगी वाटलं. मलाही काही पानं तशी वाटली. आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं, म्हणून हा वाद आपल्याकडे तरी मोकळेपणाने व्हावा.

1967 मध्ये त्यांनी घड्याळ आणि कारखान्याची शिस्त यावर एक लेख लिहिला. पूर्वी माणूस कामाप्रमाणे वेळ मोजायचा : गाय पिळून होईस्तोवर, भरती ओसरेपर्यंत. इंग्लंडचे कारागीर सोमवारी सर्रास दांडी मारत आणि त्या दिवसाला गमतीने संताचा दिवस म्हणत. कारखान्याने घड्याळ आणलं आणि वेळ ही मालकाला विकायची वस्तू झाली. हे वाचताना मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मुंबईच्या गिरणीकामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी 1884 पासून सभा, अर्ज, 'दीनबंधु'तलं लिखाण असा सगळा जोर लावला आणि 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवली. ती मागताना त्यांनी खंडोबाच्या वाराचाही आधार घेतला होता. नवी मागणी जुन्या श्रद्धेच्या भाषेत मांडणं, हे अगदी थॉम्पसन सांगतात तसंच झालं.

1971 मधला त्यांचा दुसरा लेख धान्याच्या दंगलींवर. भुकेली माणसं वेडीपिशी होऊन लुटालूट करतात, असा समज. थॉम्पसन दाखवतात की अठराव्या शतकातले लोक पुष्कळदा धान्य लुटत नसत. ते रास्त भाव स्वतः ठरवत, त्या भावाने धान्य विकायला लावत आणि पैसे व्यापाऱ्याला देत. न्याय काय, अन्याय काय, याची त्यांची ठाम कल्पना होती. याला त्यांनी नैतिक अर्थव्यवस्था म्हटलं. आपल्याकडे मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून शेतकऱ्यांचा उठाव पसरला. त्यांनीही मुख्यतः सावकारांचे कर्जरोखे मागून जाळले, माणसं मारली नाहीत. थॉम्पसन यांनी दख्खनवर लिहिलेलं नाही, पण त्यांचा लेख वाचल्यावर हा धडा वेगळाच दिसू लागतो.

1965 मध्ये ते नव्याने निघालेल्या वॉरिक विद्यापीठात गेले आणि तिथे सामाजिक इतिहासाचं केंद्र उभारलं. 1970 च्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांनी रजिस्ट्रारचं ऑफिस ताब्यात घेतलं, तेव्हा फायलींतून निघालं की शिक्षक-विद्यार्थ्यांच्या राजकीय मतांवर नजर ठेवली जात होती. विद्यापीठावर उद्योगपतींचा किती पगडा आहे, हेही दिसलं. थॉम्पसन यांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली, घाईघाईने त्यावर पुस्तकही काढलं आणि 1971 मध्ये नोकरी सोडली. पुन्हा कायमची नोकरी धरली नाही. डोरोथी बर्मिंगहॅमला शिकवत होत्या, त्यावर बराचसा संसार चालला. ते वुस्टरजवळच्या घरी बसून लिहीत राहिले.

1976 च्या हिवाळ्यात ते भारतात आले. वडिलांचा देश, पण तेव्हा आणीबाणी होती. कालिकतला भारतीय इतिहास परिषदेत त्यांनी लोककथा, मानववंशशास्त्र आणि सामाजिक इतिहास यांवर व्याख्यान दिलं. परत गेल्यावर आणीबाणीबद्दल टीका करणारा लेख लिहिला. डाव्या विचाराच्या मंडळींतही तेव्हा आणीबाणीचे समर्थक होते. पण नागरिकांचं स्वातंत्र्य ही दुय्यम गोष्ट आहे, असं त्यांनी कधीच मानलं नाही. 1975 च्या पुस्तकात त्यांनी 1723 च्या एका क्रूर कायद्याचा इतिहास लिहिला होता. त्याच पुस्तकाच्या शेवटी, कायद्याचं राज्य ही गरिबांच्याही कामाची गोष्ट आहे, हे सांगून अनेक डाव्या मित्रांना नाराज केलं होतं.

1980 पासून अण्वस्त्रविरोधी चळवळीत त्यांनी स्वतःला झोकून दिलं. लाखोंच्या सभांत भाषणं, युरोपभर प्रवास, दोन्ही बाजूंच्या सरकारांवर सारखीच टीका. संशोधन वर्षानुवर्षं बाजूला पडलं, तब्येत ढासळली. 1991 मध्ये जुने-नवे लेख एकत्र येऊन पुस्तक निघालं. वडील आणि रवींद्रनाथ यांच्या मैत्रीवरचं पुस्तक 1993 मध्ये आलं आणि त्याच वर्षी 28 ऑगस्टला ते गेले. म्हणजे शेवटी ते बांकुऱ्यापाशी परत आले होते.

त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती रास्त आहे. जोन स्कॉट यांनी दाखवलं की त्या मोठ्या पुस्तकात बायका कडेकडेने येतात, कामगार म्हणजे पुरुषच असं गृहीत धरलं जातं. दुसरा आक्षेप आपला : इंग्लंडच्या गिरण्यांतला कापूस कुठून आला, त्यांच्या कापडाने कुठले विणकर बसवले, याबद्दल पुस्तक जवळजवळ गप्प आहे. दीपेश चक्रवर्ती यांनी कलकत्त्याच्या ताग कामगारांवर आणि राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणगावावर लिहिलं. दोघांनाही थॉम्पसन यांच्याशी वाद घालावा लागला, कारण जात, गाव, मुकादम हे सगळं सोडून इथला कामगार समजत नाही. पण वाद घालावा लागतो तो मोठ्या माणसाशीच.

आता आपल्या इंदूरबद्दल थोडं. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात इथे पहिली कापड गिरणी निघाली. मग मालवा, हुकुमचंद, कल्याण, राजकुमार, स्वदेशी अशी रांगच लागली. माझे आजोबा एका गिरणीच्या साचाखात्यात होते. आमच्या वस्तीत घड्याळापेक्षा भोंग्यावर भरवसा जास्त, असं आजी अजून सांगते. गिरण्या बंद पडल्या. हुकुमचंद 1991 मध्ये बंद झाली आणि तिथल्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी जण वारले होते. तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री याच गिरण्यांच्या नावाने झांक्या निघतात. गिरणी नाही, पगार नाही, पण कामगार वर्गणी गोळा करून देखावा उभा करतात. शहर रात्रभर जागून ते बघतं. आपण फोटो काढतो आणि घरी येतो.

थॉम्पसन असते तर त्यांनी विचारलं असतं : ही वर्गणी कोण गोळा करतं? देखाव्याचा विषय कोण ठरवतं? संपाच्या काळात झांकी निघाली होती का? बायका कुठे होत्या? मुंबईच्या गिरणगावाची गोष्ट मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्याच तोंडून नोंदवून ठेवली आहे. इंदुरातही हे काम आपण करू शकतो. यासाठी डिग्री पुरी व्हायची वाट बघायला नको. मंडळाच्या बैठकीत मी प्रस्ताव ठेवणार आहे की यंदा झांक्यांच्या महिनाभर आधी आपण चार-पाच जणांनी वह्या घेऊन या कामगारांकडे जावं. त्यांचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे, तेव्हा पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून चालणार नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी नाव द्यावं.